प्रमाण वीट

जुन्या घराला नवी खोली जोडणं ही वरवर पाहता बांधकामाची बाब वाटली, तरी मुळात ती चारित्र्याची बाब आहे. खोली काय, कोणीही बांधतो. पण बांधलेली खोली कालपरवाची आहे हे कोणाला कळू न देणं, याला संस्कार लागतात. हे ज्यांना उमगलं त्यांची घरं बघायला लोक लांबून येतात. ज्यांना उमगलं नाही त्यांच्या घरात नुसतीच माणसं राहतात.

ज्यांची ही हकीगत आहे त्या गृहस्थांना आपण अर्जदार म्हणू. त्यांना नाव होतं, नाही असं नाही. पण जुनी घरं जतन समितीकडे त्यांनी अर्ज केला त्या दिवसापासून ते नाव जे मागे पडलं ते पडलंच. समितीच्या इतिवृत्तात ते अर्जदार, गवंड्याच्या तोंडी अर्जदारसाहेब, आणि पुढे पुढे तर त्यांची बायकोही 'अहो अर्जदार, जेवायला येताय ना, की परवानगी लागेल?' असं विचारू लागली. (पहिल्यांदा ती चिडून म्हणाली होती. नंतर तिला ते सोयीचं वाटायला लागलं.)

निवृत्त होईपर्यंत अर्जदार एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक शोधून तिच्यावर लाल फुली मारायची, यापलीकडे त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही. ओळीत एखादं अक्षर वेगळ्या वळणाचं घुसलं, तर त्यांना घास गोड लागत नसे. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या मामांच्या कोटाचं एक बटण वेगळं आहे, हे त्यांनी बायकोला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात दाखवून दिलं होतं. असा माणूस विटांच्या कामात पडला, हे विटांचं भाग्य म्हणायचं.

घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. दुमजली, उघड्या विटांचं, दिसायला देखणं आणि चढायला कठीण. आजोबांना जिना ही गोष्ट अगदी शेवटी आठवली असावी, कारण तो दोन भिंतींच्या मध्ये जेमतेम कोंबलेला होता. माणूस चढला की त्याचे दोन्ही खांदे भिंतींना पुसले जायचे. कपाट, पलंग, शिवणाचं मशीन यातलं काहीच त्या जिन्यातून वर गेलं नव्हतं. त्यासाठी वरच्या गॅलरीच्या कठड्याला एक सरकता भाग ठेवला होता आणि सामान दोर बांधून बाहेरून वर घेतलं जायचं. म्हणजे घराला दोन वाटा होत्या, एक माणसांची आणि एक कपाटांची, आणि कपाटांची जास्त प्रशस्त होती.

वरच्या खोलीत अर्जदारांची आई राहायची. घरातलं एकुलतं एक न्हाणीघरही वरच होतं, त्यामुळे तिला खाली हलवणं शक्य नव्हतं, आणि डॉक्टरांनी जिना बंद केल्यापासून तिला खाली येणंही शक्य नव्हतं. (तिचा डावा गुडघा कामातून गेला होता.) एकदा तिला खुर्चीत बसवून खाली आणायचा प्रयोग झाला. वळणावर खुर्ची अडकली. पुढचे वर येईनात, मागचे खाली जाईनात, आणि आई मधल्यामध्ये तरंगत राहिली. सुटका झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी काही कपाट नाही. यापुढे उतरेन ती माझ्या पायांनी, नाहीतर राहिलं."

राहिलं म्हणजे काय राहिलं, तर समोरच्या काकू राहिल्या.

समोरच्या काकू आईची मैत्रीण. दोघी नव्या सुना म्हणून एकाच वर्षी या गल्लीत आल्या आणि तेव्हापासून रोज दुपारी पत्ते खेळत आल्या. आता आईला उतरता येईना आणि काकूंना चढता येईना, कारण काकूंचा उजवा गुडघा आईच्या गुडघ्याशी चढाओढ असल्यासारखा बिघडला होता. "दोघींचे मिळून दोन पाय धड आहेत," आई गॅलरीतून ओरडून सांगायची, "कोणी पळवून नेईल अशी भीती नाही हो आपल्याला!" डाव मात्र थांबला नव्हता. काकू खाली अंगणात स्टुलावर बसायच्या, आई वर गॅलरीत, आणि मध्ये दोरीला बांधलेली टोपली. आईने पान टाकलं की टोपली खाली. काकूंनी टाकलं की टोपली वर. एक डाव संपायला अख्खी दुपार जायची. शिवाय काकू हल्ली सारख्या जिंकत होत्या. खाली काकूंच्या मांडीवर शालीची घडी असायची आणि त्या घडीबद्दल आईला दाट संशय होता, पण एवढ्या उंचीवरून नुसता संशयच घेता येत होता.

"खाली एक खोली काढ रे माझ्यासाठी," आई शेवटी मुलाला म्हणाली. "खोली आणि न्हाणी. मला मोठी नको. दाराशी बसून त्या बाईचे हात दिसले पाहिजेत, बस्स."

मुलगा आईवेडा होता, हे इथे स्पष्टपणे नमूद करायला हवं, कारण पुढच्या मजकुरावरून ते लक्षात येणार नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी अर्ज केला.

समितीचं काम मोठं निगुतीचं. वस्तीतली घरं जशी होती तशीच दिसावीत, म्हणून काही वडीलधाऱ्या मंडळींनी हे ओझं आपणहून खांद्यावर घेतलं होतं. (त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.) अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. नवा दात शेजारच्या दाताशी जुळवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि दातांच्या रंगछटांची ती पट्टी ते अजून खिशात बाळगून असत. दुसरे सदस्य कापडाचे व्यापारी. कोणतीही वस्तू दाखवली की 'बाहेर उजेडात नेऊन बघा' हे त्यांचं पहिलं वाक्य असे आणि 'धुतल्यावर सांगू' हे शेवटचं. तिसरे सदस्य गणपूर्तीसाठी होते. त्यांना बसल्या जागी झोप लागे, आणि जागे झाले की ते 'अनुकूल' म्हणत.

समितीचा मुख्य नियम असा की वाढीव बांधकाम झालेलं आहे हे दिसून येता कामा नये. या नियमाला आलेलं यश डोळे दिपवणारं आहे. समितीकडे आजवर आलेल्या अर्जांपैकी शंभरात शहाण्णव बांधकामं अजिबात दिसून येत नाहीत. (ती झालेली नाहीत.) उरलेली चार दिसतात, आणि त्यांच्या मालकांशी कोणी बोलत नाही.

"खोली कोणासाठी?" पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी विचारलं.

"आईसाठी. तिला गुडघ्यामुळे—"

"आई किती वर्षांच्या?"

अर्जदारांनी सांगितलं.

"आणि घर?"

"घर त्याहून जुनं आहे."

"मग आधी घराचं बघू," अध्यक्ष म्हणाले, आणि हे सगळ्यांनाच रास्त वाटलं.

नव्या खोलीच्या विटा जुन्या घराच्या विटांशी जुळल्या पाहिजेत, इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण जुळवायच्या म्हणजे कोणत्या विटेशी, हा प्रश्न अर्जदारांनी स्वतःच काढला. मुद्रितशोधकच तो. जुनी भिंत जवळून बघितली तर तिच्यात दोन विटा एकसारख्या नव्हत्या. एखादी भाजून काळी पडलेली, एखादी कच्ची आणि फिकट, एखादीवर बोटांचे ठसे, एखादीवर कुत्र्याचा पाय उमटलेला. खालच्या रद्द्यांना, म्हणजे विटांच्या ओळींना, तर गल्लीतल्या सायकली, पाठी आणि चेंडू लागून लागून वेगळाच तुकतुकीतपणा आला होता. असल्या गर्दीशी जुळवून घ्यायचं म्हणजे कोणाशीच न जुळवण्यासारखं होतं. तेव्हा समितीने ठराव केला की अर्जदारांनी भिंतीतली एक वीट प्रमाण वीट म्हणून निवडावी आणि पुढचं सगळं तिच्याशी जुळवावं.

अर्जदारांनी भिंग घेऊन भिंत वाचून काढली. शेवटी त्यांना हवी तशी वीट सापडली ती वर, आईच्या गॅलरीच्या अगदी लगत. कडा सरळ, रंग एकजात, डाग नाही, टवका उडालेला नाही. शिडीवर उभं राहून ते तिच्याकडे बघत असताना आई गॅलरीत आली.

"काय बघतोयस रे?"

"वीट."

"कुठली, ही? अरे, ती होय! ती तर—"

"आई, जरा थांब, प्रकाश बदलतोय."

आई थांबली. आया थांबतात.

प्रमाण वीट मंजूर झाली आणि कामाला खरी सुरुवात झाली. म्हणजे खोलीच्या नव्हे, नमुन्यांच्या. अर्जदार भट्टीभट्टीने फिरू लागले. पिशवीत प्रमाण विटेचा रंग लावलेला कागद, कापसात गुंडाळलेला तिचा एक कण, आणि ती कशी वाजते ते आठवणीत. जुन्या विटेवर चमचा मारला की अमुक आवाज येतो आणि नव्या विटेवर तमुक, हे त्यांना आता झोपेतसुद्धा कळू लागलं होतं. (बायको म्हणते, ते झोपेत टिचक्या वाजवत.) पहिला नमुना रंगाने जुळला, तर जाडीने चुकला. दुसरा जाडीने जुळला, तर पाणी मारल्यावर त्याचा वास वेगळा आला. तिसरा सगळ्या बाबतींत जुळला, पण अध्यक्षांनी दातांची पट्टी धरून तो 'हसरा' असल्याचं मत दिलं. चौथ्याबद्दल कापडवाले म्हणाले, धुतल्यावर सांगू. आणि धुतल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही.

एका अभ्यासू पाहणीनुसार शंभरांतल्या सत्याऐंशी माणसांना दोन विटांमधला फरक कळत नाही. उरलेल्या तेरांपैकी बारा अशा समित्यांवर असतात. (तेरावे अर्जदार.)

नव्या विटेला वय आणण्याचे उपायही झाले. चहाचा अर्क. चुलीचं काजळ. शेवाळ धरावं म्हणून दह्याचा हात. एक वीट तर अनुभव यावा म्हणून अर्जदारांनी महिनाभर गल्लीच्या तोंडाशी ठेवली. तिला तीन माणसं ठेचकाळली आणि ती तशीच्या तशी नवी राहिली. स्वयंपाकघरात चहाची पावडर संपली की बायको रिकामा डबा त्यांच्यासमोर आपटायची. "माणसांना दिवसातून एकदा, आणि विटांना तीनदा! उद्या त्यांना बिस्किटं पण द्या." मग थोडं थांबून, खरंच काळजीने, "अहो, आईंचं काय? त्यांना दिवसभर वर करमत नाही. काल गॅलरीत बसून एकट्याच पत्ते पिसत होत्या."

"हे सगळं आईसाठीच चाललंय ना," अर्जदार म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं. खोली कशी दिसेल हे त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं होतं, प्रत्येक रद्दा आणि प्रत्येक सांधा. त्या चित्रात आई कुठे बसलीय हे तेवढं अजून ठरायचं होतं.

आता एक तांत्रिक अडचण उभी राहिली. नमुना जुळतो की नाही हे बघायचं तर तो प्रमाण विटेच्या शेजारी, त्याच उंचीवर, त्याच उजेडात धरायला हवा. प्रमाण वीट होती वरच्या मजल्याच्या उंचीवर. अध्यक्ष शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढले, खाली बघितलं, आणि 'इथूनही बऱ्यापैकी अंदाज येतो' असं म्हणत उतरले. कापडवाल्यांनी शिडीला हात लावून ती कुठल्या लाकडाची आहे एवढंच विचारलं. गणपूर्तीवाल्यांना शिडीवर झोप लागली असती, म्हणून त्यांचा विषयच निघाला नाही.

उपाय गवंड्याने काढला. हा गवंडी मोठा गोड माणूस. कोणत्याही सूचनेवर त्याचं एकच उत्तर, 'होऊन जाईल', आणि ते तो इतक्या प्रसन्नपणे म्हणायचा की झालं नाही तरी राग येत नसे. अंगणात नापास नमुन्यांचा ढीग साचलाच होता; एकेका भट्टीवाल्याने नमुना म्हणून गाडीच पाठवली होती. बैठकीची खोली आधीच विटांनी भरली होती आणि पाहुण्यांना दारातूनच परतवावं लागत होतं. "याच विटा मातीत बसवून थर रचतो," गवंडी म्हणाला. "साहेबलोक चालत वर जातील. होऊन जाईल."

समितीने या पाहणी-थरांना तात्पुरती मान्यता दिली आणि अटी घातल्या. अध्यक्षांना दम लागतो, म्हणून प्रत्येक थर फक्त एका आडव्या विटेच्या उंचीचा असावा. दोन सदस्यांना चर्चा करत चढता यावं एवढी रुंदी असावी. मध्ये टेकायला एक ऐसपैस टप्पा असावा. गणपूर्तीवाल्यांचा तोल जातो, म्हणून एका बाजूला भक्कम कठडा असावा, आणि तो हाताला टोचू नये. गवंड्याने हे सगळं मन लावून केलं. अंगणाच्या कडेने सुरू होऊन ते थर हळूहळू वर गेले ते थेट प्रमाण विटेपाशी, म्हणजे आईच्या गॅलरीच्या सरकत्या कठड्याला टेकून थांबले. प्रत्येक थर वेगळ्या भट्टीचा. एक गुलाबी, एक तपकिरी, एक जांभळट, एक चहा प्यायलेला. वस्तीत इतकं विजोड बांधकाम दुसरं नव्हतं. अर्जदारांना त्याच्याकडे बघवत नसे, म्हणून ते जाता-येता मान फिरवून घेत.

(आईच्या बिघडलेल्या डाव्या गुडघ्यामुळे ती गॅलरीत उजवीकडे रेलून उभी राहायची, आणि त्यामुळे तिची सावली नेमकी प्रमाण विटेवर पडायची. पाहणीच्या वेळी तिने आत बसावं, अशी तिला नम्र विनंती करण्यात आली.)

"बरं," आई म्हणाली. "पण त्या विटेचं मला एक सांगायचंय तुला."

"आई, नंतर. ऊन जाईल."

आणि मग ती सकाळ उजाडली. अर्जदार आदल्या दिवशी कुठल्याशा लांबच्या भट्टीवर गेले होते आणि तिथे, शेडच्या कोपऱ्यात, त्यांना ती सापडली होती. जाडी तीच, रंग तोच, चमच्याचा आवाज तोच, ओली केल्यावर वाससुद्धा तोच. त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन घरी आणली होती. अकरा वाजता समिती यायची होती. अर्जदारांचा ऊर इतका भरून आला होता की दाढी करताना त्यांना आरशात आपला चेहरा नीट दिसेना. खोली होणार. आई खाली येणार. ते टॉवेल छातीशी धरून अंगणात आले.

अंगणात आई बसली होती.

समोर काकू, मध्ये उपडी घातलेली टोपली, टोपलीवर पत्ते. आईचा चेहरा असा फुलला होता की शाळेतून पळून आलेल्या मुलीचाच असावा. वर गॅलरीचा कठडा बाजूला सरकवलेला होता, आणि थरांच्या कठड्यावर तिची शाल वाळत घातल्यासारखी राहिली होती.

अर्जदारांनी थरांकडे बघितलं. आईकडे बघितलं. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"आई, वरून तिसऱ्या थरातल्या कोपऱ्याच्या विटेवर पाय दिलास? ती सैल आहे गं, नमुना म्हणून पुन्हा काढता यावी अशी ठेवली होती!"

काकूंनी पत्ते खाली ठेवले.

"दिला," आई म्हणाली. "पक्की आहे. सगळ्याच पक्क्या आहेत. एकेक पायरी अशी बुटकी, जणू माझ्या पायाचं माप घेऊन केलीय. मधे टेकायलासुद्धा जागा ठेवलीस. मी काल दिवसभर वरून बघत होते आणि मनात म्हणत होते, पोराने बोलून नाही दाखवलं, पण केलंन."

अर्जदारांना लाज वाटली. चांगली कानांच्या पाळ्या तापेपर्यंत वाटली. ते थर समितीच्या दम्यासाठी आहेत, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. याची नोंद इतिवृत्तात नाही.

"आणि हे बघ," आईने काकूंच्या मांडीवरची शाल उचलली. घडीतून तीन एक्के खाली पडले. "तरीच म्हटलं!"

"टोपलीत वारा लागतो गं," काकू जराही न गडबडता म्हणाल्या. "उडू नयेत म्हणून ठेवले होते."

एवढ्यात समिती आली. अर्जदारांनी टॉवेल सोडून नवी वीट पुढे केली. तिघे सदस्य पाहणी-थर चढून प्रमाण विटेपाशी गेले, दोन्ही विटा शेजारी धरल्या गेल्या, पट्टी लावली गेली, आणि प्रथमच कोणाला खोट काढता येईना. जुळत होती. हुबेहूब जुळत होती.

"आता तरी सांगू का रे?" खालून आईने विचारलं. "ती वीट तुझ्या बाबांनी बसवलीय. तिथे पूर्वी धुराडं होतं. ते काढल्यावर भोक पडलं, आणि जुन्या मापाची वीट काही मिळेना. मग ते असेच कुठूनतरी एक घेऊन आले, घासून बारीक केली, आणि वरून कुंड्यांच्या रंगाचा एक हात मारला. कसली शोभत होती! मी किती बोलले होते त्यांना, की सगळ्या भिंतीत ही एकटीच वेगळी दिसते म्हणून."

"आई! हे आधी नाही का सांगायचं?"

"दोनदा सांगायला आले. दरवेळी तुझा प्रकाश बदलत होता."

अध्यक्षांनी प्रमाण विटेवर नखाने खरवडलं. नखात लाल रंग आला. "दात नाही," ते हळूच म्हणाले, "कॅप आहे." कापडवाल्यांनी नखाकडे बघून रंग जातो असं सांगितलं. अर्जदारांचं तर डोकंच चालेना. आयुष्यभर ओळीतलं वेगळं अक्षर शोधणाऱ्या माणसाने सगळ्या भिंतीतली एकमेव चूक उचलली होती आणि तिलाच शुद्ध ठरवलं होतं.

दुसरी कुठली समिती असती तर डगमगली असती. अध्यक्ष टेकायच्या टप्प्यावर बसले, त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला. प्रमाण वीट ही ठरावाने प्रमाण झालेली आहे. ठराव मागे घेण्याची तरतूद नाही. नवी वीट तिच्याशी जुळते, सबब नवी वीट निर्दोष आहे. "याचा अर्थ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "उरलेलं घर जुळत नाही."

"अनुकूल," गणपूर्तीवाले जागे होऊन म्हणाले.

त्यानुसार आता खोलीचा विषय मागे पडला असून घराची चौकशी चालू आहे. आजोबांनी प्रमाण विटेशी विसंगत असं संपूर्ण घर कोणाला विचारून बांधलं, याचा खुलासा अर्जदारांकडून मागवण्यात आला आहे. अंतिम निर्णय होईपर्यंत आवारातल्या कोणत्याही बांधकामाला, पाहणी-थर धरून, कोणीही हात लावायचा नाही, सगळं जसं आहे तसं ठेवायचं, असा समितीचा सक्त आदेश आहे. त्यामुळे आई रोज दुपारी, कायद्याच्या पूर्ण संरक्षणात, आपल्या पायांनी खाली येते. दुखरा पाय आधी, मग चांगला, हात कठड्यावर. संध्याकाळी तशीच वर जाते. मधल्या टप्प्यावर टेकून गल्लीकडे बघते. काकूंची शाल आता पहिल्या पायरीवर ठेवून घेतली जाते, आणि काकू सलग हरत आहेत. खोली झाली नाही ती नाहीच. ती कधी होईल असं विचारलं की गवंडी म्हणतो, होऊन जाईल.

अर्जदारही हल्ली दुपारी त्यांच्यात तिसरा भिडू म्हणून बसतात. पत्ते त्यांना बरे पडतात, पण त्यांचं लक्ष नसतं. मधेच उठून एखादी तिरकी वीट सरळ करून येतात. आई म्हणते, असू दे.

या घराचा आता बराच बोलबाला झालाय. लोक मुद्दाम येतात. फाटकाशी उभे राहतात, मान तिरकी करतात, प्रमाण वीट कुठली ते एकमेकांना दाखवतात, नवी तिच्याशी किती जुळते यावर वाद घालतात. पायऱ्यांच्या रंगांना नाकं मुरडतात. खाली बसलेली म्हातारी त्यांना हात करते, बसायला सांगते, पाणी हवं का विचारते. बहुतेकांना ते ऐकू येत नाही. ते विटा बघत असतात.

त्यांना हसायचं कारण नाही. तुम्हीही आत्ता सगळं लक्ष देऊन वाचलंत. प्रमाण वीट कुठे होती, तिला रंग कशाचा होता, चौथा नमुना का नापास झाला, दंतवैद्याच्या खिशात काय होतं, हे तुम्हांला विचारलं तर तुम्ही झोपेतून उठून सांगाल. तेव्हा जाता जाता एकच सांगा. आईचा गुडघा दुखत होता तो कोणता?

(दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा कंसात.)